मास्तर नसताना चूक पकडायची कशी

स्टीलची तपेली समोर ठेवून पहिल्यांदा चित्र काढायला बसलेल्या माणसाच्या कागदावर काय उमटणार, हे न बघताही सांगता येतं. वरचं तोंड सुरती पापडीच्या शेंगेसारखं दोन्ही बाजूंना टोकदार, आणि तळ फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ. तळ सरळ का? तपेली सपाट ओट्यावर ठेवली आहे, हे डोक्याला ठाऊक असतं म्हणून. डोळ्यांना दिसतं वेगळंच, पण हात ऐकतो डोक्याचं. पहिले सहा महिने चित्र शिकायचं म्हणजे बहुतांशी हेच भांडण मिटवायचं.

स्टीलचा एक पेला घ्या आणि त्याची कड नेमकी डोळ्यांच्या पातळीवर धरा. कड नुसती आडवी रेघ दिसेल. आता पेला हळूहळू खाली न्या. कड उघडत जाते: आधी बारीक फट, मग लंबवर्तुळ, आणि पेला थेट पायांपाशी ठेवून वरून पाहिला की पुरतं वर्तुळ. डोळ्यांच्या पातळीपासून जितकं खाली, तितकं उघडं. तपेलीचा तळ तोंडापेक्षा खाली आहे, म्हणून तळाचं लंबवर्तुळ तोंडाच्या लंबवर्तुळापेक्षा किंचित जास्त गोल हवं. बहुतेकांच्या चित्रात नेमकं उलटं असतं.

काढताना आधी मधोमध एक फिकट उभा अक्ष ओढा. तोंडाची डावी-उजवी टोकं अक्षापासून सारख्या अंतरावर टिंबांनी दाखवा, मग पुढची आणि मागची कड अक्षावरच दोन टिंबांनी. या चार टिंबांतून हात न उचलता दोन-तीन फेरे मारा. कोपरे टोकदार होतात ते पुढची कमान आणि मागची कमान वेगवेगळ्या फटकाऱ्यांत काढल्यामुळे. एकाच फिरत्या हाताने काढली की कड वळणावर आपोआप गोल होते. तळाचं लंबवर्तुळही पूर्ण काढा, तपेली काचेची आहे असं समजून. मागचा भाग नंतर खोडता येतो. झालं की कागद अक्षावर दुमडून ट्यूबलाइटसमोर धरा. दोन्ही बाजू एकमेकींवर बसल्या नाहीत, तर कुठली बाजू सुटली ते लगेच दिसतं.

आडवा पडलेला तांब्या काढताना आणखी एक चूक होते. तोंडाचं लंबवर्तुळ सवयीने आडवंच काढलं जातं आणि तांब्याची मान मोडल्यासारखी दिसते. नियम साधा आहे: लंबवर्तुळाची जी आखूड बाजू, ती भांड्याच्या लांब अक्षाच्या रेषेतच येते. तांब्या जिकडे कलेल, तिकडे आखूड बाजूही कलते. एवढं एक सांभाळलं तरी बादल्या, डबे, सायकलची चाकं, रिक्षाचं पुढचं चाक, सगळं जाग्यावर बसायला लागतं.

बडोद्यात चित्रकलेचा विषय निघाला की कुणीतरी 'फाइन आर्ट्स'चं नाव घेतंच. साहजिक आहे. सयाजीराव विद्यापीठातली ती फॅकल्टी १९५०च्या सुमाराची, आणि तिथला चित्रकला विभाग सुरुवातीला सांभाळला तो इंदूरला जन्मलेल्या ना. श्री. बेंद्रे यांनी. पण घरी बसून शिकणाऱ्याला तिथली एकच गोष्ट खरोखर कमी पडते: मागून येऊन 'अहो, हा कान फार खाली आलाय' असं म्हणणारा माणूस. बाकी सगळी माहिती आता फुकट मिळते. तेव्हा स्वतः शिकणाऱ्याने आधी त्या माणसाची सोय करायची.

दोन हात लांब दोरा आणि त्याच्या टोकाला बांधलेला लोखंडी नट ही पहिली सोय. गवंडी वापरतो तोच ओळंबा. दोऱ्याचं वरचं टोक चिमटीत धरून तो वस्तूसमोर लोंबू द्या आणि एक डोळा मिटा. किटलीच्या कानाच्या थेट खाली काय येतं? तळाची कड, की त्याच्याही बाहेरची टेबलाची फट? आता चित्रातल्या कानापासून खाली तशीच रेघ सोडून पाहा. बऱ्याच जणांच्या उभ्या रेघा एका बाजूला कलतात, कारण हात मनगटावर किंवा कोपरावर कंपाससारखा फिरतो. पण काढणाऱ्याला ते जाणवत नाही. ओळंब्याला जाणवतं.

दुसरी सोय आरसा. चित्र छातीशी धरून आरशात पाहा, किंवा नुसतं खालची बाजू वर करून सहा-सात फुटांवर भिंतीला टेकवून ठेवा. अर्धा तास बघून बघून डोळा चुकीला सरावलेला असतो. डावं-उजवं बदललं की तो पुन्हा कोरा होतो. कललेलं भांडं आणि एकीकडे झुकलेला चेहरा आरशात चटकन पकडता येतात. आकार लहान-मोठा झाला असेल तर मात्र आरसा फारसा बोलत नाही, त्याला मोजमापच लागतं.

तिसरी सोय खिडकीची काच. व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या, हनुवटी खुर्चीच्या पाठीवर टेकवून डोकं स्थिर ठेवा, एक डोळा मिटा आणि समोरच्या गच्चीची कड, पाण्याची टाकी, विजेचा खांब काचेवर जसेच्या तसे गिरवा. डोकं दोन बोटं जरी हललं तरी रेघा सरकतात, म्हणून एका बैठकीत दहा-बारा रेघांपुढे जाऊ नका. इटलीत अल्बर्टी या वास्तुकार-लेखकाने १४३५ साली चित्राला उघड्या खिडकीची उपमा दिली ती हीच. आधी तोच देखावा कागदावर काढायचा, मग काचेवर, मग दोन्ही ताडून पाहायचे. गच्चीच्या रेघा आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी जास्त तिरप्या असतात, हे एकदा काचेवर दिसलं की विसरायला होत नाही.

मोबाइलचा फोटोही चालतो, फक्त डोळ्याच्या जागेवरूनच काढायचा आणि दुप्पट झूम करून. फोनचा साधा कॅमेरा फार रुंद बघतो, त्यामुळे चौकट भरायला आपण जवळ जातो, मग जवळची वस्तू फुगते आणि मागची आक्रसते. त्या फोटोशी चित्र ताडलं तर बरोबर काढलेलंही चूक वाटेल.

चूक सापडली की खोडू नका. लाल पेन्सिलने शेजारी बरोबर रेघ ओढा आणि कागदावर तारीख घाला. वीस कागद झाले की ते जमिनीवर पसरून नुसत्या लाल रेघा बघा. कुणाच्या सगळ्या लाल रेघा तळाशी असतील, कुणाच्या रुंदीत. पुढच्या आठवड्यात काय गिरवायचं ते तिथे लिहिलेलं असतं. खोडरबरने पुसून टाकलेल्या चुकीतून एवढं काही मिळत नाही.

आता मोजमाप. पेन्सिल धरलेला हात पूर्ण ताठ, कोपर वळलेलं नाही, एक डोळा मिटलेला. पेन्सिलीचं टोक तपेलीच्या डाव्या कडेवर आणि अंगठ्याचं नख उजव्या कडेवर: ही रुंदी. आता अंगठा न हलवता पेन्सिल उभी करा आणि ही रुंदी उंचीत किती वेळा बसते ते बघा. आकडा सेंटिमीटरचा नसतो, 'उंची म्हणजे रुंदीच्या पाऊणपट' असा असतो, आणि तेवढाच कागदावर न्यायचा. कोपर जरासं वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप बदलतं. मापं जुळत नसल्याची तक्रार घेऊन आलेल्याचं आधी कोपर बघावं. वस्तूपासून निदान तिच्या रुंदीच्या तिप्पट लांब बसा; फुटभर मांडणीला तीन-साडेतीन फूट. त्याहून जवळ बसलात तर वस्तूचा वरचा भाग समोरून आणि खालचा वरून दिसतो, आणि दोन्ही एका चित्रात नांदत नाहीत.

आणि कागद टेबलावर आडवा ठेवू नका. हे कुणी सांगत नाही, पण नवशिक्याच्या लांबट चेहऱ्यांचं एक मोठं कारण हेच आहे. आडव्या कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब आणि तिरका असतो, म्हणून आखूड दिसतो. ते भरून काढायला हात नकळत वरचा भाग ताणतो. कागद उभा केला की कपाळ हातभर झालेलं दिसतं. परीक्षेला नेतात ते क्लिपचं पॅड मांडीवर ठेवून टेबलाच्या कडेला टेकवा, बोर्ड इतका उभा हवा की नजर त्यावर सरळ पडेल.

सामानावर फार खल नको. ७५ जीएसएमच्या ए-फोर कागदांचं एक रीम, म्हणजे ५०० कागद, वर्षभराचा सराव भागवतं. एक एचबी, एक टूबी, एक फोरबी. शिसपेन्सिलीत ग्रॅफाइट आणि माती असते. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि गडद. रांगेतली एटबी वगैरे आत्ता लागत नाही. शार्पनरऐवजी कटरने तासा, शिसं साधारण एक सेंटिमीटर उघडं ठेवा. टोक आडवं करून रुंद छटा भरता येते, आणि शार्पनरच्या आखूड टोकाने ते होत नाही. महागडी स्केचबुकं घेऊ नका. चांगला कागद खराब होईल या भीतीने माणूस त्यात काही काढतच नाही.

रेघेचा सराव रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नको, कंटाळा येतो. कागदावर वीतभर अंतराने दोन टिंबं द्या. पेन्सिल न टेकवता हवेत दोन-तीनदा तोच फटकारा मारा, मग नजर शेवटच्या टिंबावर ठेवून खांद्यातून एका दमात ओढा. पेन्सिलीच्या टोकाकडे बघत हळू ओढलेली रेघ थरथरते, कारण हात वाटेत सारखी दुरुस्ती करत असतो. रेघ टिंबाच्या थोडी पुढे गेली तरी चालेल, थरथरलेली नको. केसाळ रेघा, म्हणजे पाच-सहा तुकडे जोडून केलेली एक कड, हे धाडस नसल्याचं लक्षण. ज्यांना नीट ओढलेली रेघ म्हणजे काय ते बघायचंय, त्यांनी बडोद्याच्या कीर्तिमंदिरातली, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकातली, चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं बघावीत. १९३९ ते १९४६ या काळात ती झाली. गंगावतरणाच्या भिंतीपुढे उभं राहून एकच कड सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्याने चालावी. ती कुठे जाड होते, कुठे बारीक, आणि कुठे सोडून दिली आहे.

यथार्थदर्शनासाठी, म्हणजे पर्स्पेक्टिव्हसाठी, बडोद्यासारखं गाव नाही. मांडवीचा चौक जणू नवशिक्यांसाठी बांधून ठेवलाय. मधोमध चौरस मांडवी, म्हणजे कमानींचा मंडप, प्रत्येक बाजूला तीन कमानी, आणि चार दिशांना चार रस्ते: लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी दरवाजाकडे जाणारे. दुकानं उघडायच्या आधी, सकाळी आठच्या आत जा, नंतर तिथे पॅड धरायला जागा मिळत नाही. लहेरीपुऱ्याच्या रस्त्यावर मांडवीकडे तोंड करून उभे राहिलात की सगळ्यात आधी डोळ्यांच्या पातळीची आडवी रेघ ओढायची. पाट्या, छज्जे, वरच्या मजल्यांचे सज्जे हे सगळं तिच्या वर आहे, म्हणून त्यांच्या रेघा लांब जाताना खाली उतरतात. ओटे आणि फुटपाथ तिच्या खाली, म्हणून त्यांच्या रेघा वर चढतात. सगळ्या त्या आडव्या रेघेवर तुमच्या अगदी समोरच्या बिंदूत मिळतात.

माणसं तिथे चालत असतीलच, त्यांच्यासाठी सोपी युक्ती आहे. तुम्ही उभे असाल आणि रस्ता सपाट असेल, तर तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे त्याच एका रेघेवर येतात, माणूस दहा फुटांवर असो की दोनशे. लांबचा माणूस लहान होतो तो पायांकडून: डोकी एका रांगेत, पाय वर सरकलेले. नवशिके उलट करतात, पाय एका रेषेत ठेवून डोकी खाली आणतात, आणि मागचे सगळे लोक बुटके पोरगे वाटतात. ओट्यावर बसून काढलंत तर तीच रेघ उभ्या माणसांच्या छाती-पोटाच्या आसपास जाते.

कमानीची चूक थोडी जास्त लबाड आहे. तिरक्या भिंतीवरच्या कमानीचा माथा डावी-उजवी कड मोजून बरोबर मध्ये ठेवला, तर कमान लुळी पडते. भिंत लांब जाते तेव्हा जवळचा अर्धा भाग मोठा आणि लांबचा अर्धा लहान दिसतो, त्यामुळे खरा मध्य लांबच्या कडेकडे सरकलेला असतो. तो शोधायला कमानीभोवती चौकट काढा आणि तिचे दोन कर्ण ओढा; ते जिथे छेदतात तिथून उभी रेघ वर न्या, माथा त्यावर. खिडक्या, दारं, विजेच्या खांबांमधली अंतरं यांनाही हीच युक्ती.

इमारतीचा कोपरा समोर घेतला की रेघा डावीकडे आणि उजवीकडे अशा दोन बिंदूंत मिळतात. हे दोन्ही बिंदू ए-फोरच्या आत कोंबले की इमारत जहाजाच्या नाकासारखी पुढे घुसते. कागद एका मोठ्या वर्तमानपत्राच्या मधोमध चिकटवा, बिंदू वर्तमानपत्राच्या कडांवर घ्या, तिथे टाचणी टोचून दोरा बांधा आणि दोरा ताणून दिशा बघा.

शेडिंगची घाई सगळ्यांना असते. माझं मत कडक आहे: पहिले दोन महिने छायाप्रकाशाला हात लावू नये, आणि चौकटी आखून फोटोवरून नटनट्यांचे चेहरे उतरवणं तर त्याहून उशिरा. चौकटी आखल्या की प्रमाण शोधायचं काम चौकटीच करतात, डोळा आयता बसून राहतो. पुढे सहा तास घासून केस चमकवले तरी समोर जिवंत माणूस बसला की हात अडतो.

सुरुवात करायची ती अंड्यापासून. स्टीलपासून नाही, कारण त्यात अख्खी खोली दिसते. बुटांच्या रिकाम्या खोक्याची एक लांब बाजू आणि झाकण काढा, आत पांढरा कागद घाला, अंडं ठेवा. ट्यूबलाइट बंद, खिडकीचा पडदा ओढलेला, आणि टेबललॅम्प एका बाजूने वरून, दीड-दोन फुटांवर. दोन दिवे असले की दोन पडछाया पडतात आणि काही कळेनासं होतं. एका पट्टीवर पाच छटा भरा, कोऱ्या कागदापासून फोरबीच्या गडदपर्यंत, आणि प्रत्येक छटेत पंचिंग मशीनने भोक पाडा. डोळे बारीक करून त्या भोकातून अंडं बघा. छटा आणि अंडं एक झाली की ती छटा बरोबर. सगळ्यात गडद भाग कडेला नसतो, उजेड संपतो त्याच्या किंचित पुढे असतो. कडेला खालच्या कागदावरून परतलेला उजेड येतो. हा परतलेला उजेड बघून लोक हरखतात आणि तिथे जवळजवळ पांढरं सोडतात, मग अंडं कल्हई केल्यासारखं दिसतं. सावलीतली सगळ्यात उजळ जागासुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद जागेपेक्षा गडदच हवी. बोटाने घासू नका, बोटाचं तेल कागदाला लागतं आणि तिथे डाग धरतो. पडछाया अंड्याला टेकते तिथे सगळ्यात गडद आणि रेखीव, लांब जाताना मऊ.

बडोद्याच्या कमाटीबागेतले वड काढायला जाणाऱ्यांना एकच सांगणं, पानं काढू नका. डोळे बारीक करून झाडाचे चार-पाच मोठे गठ्ठे बघा, त्यांची उजेडाची आणि सावलीची बाजू भरा, पानं फक्त गठ्ठ्याच्या कडेला कुठेतरी सुचवा. पारंब्यांना ओळंबा लावा. सगळ्या सरळ खाली येत नाहीत, आणि त्यातली जी वाकडी तिच्यामुळे बाकीच्या सरळ दिसतात.

चालती माणसं काढायला शिकायची तर नवरात्र. गरब्यासारखी सोय आर्ट कॉलेजच्या मॉडेलचीही नसावी: ठेका तोच, पावलं तीच, आणि माणसं गोलात सरकत तुमच्यासमोरून जातात. तीन टाळीच्या गरब्यात टाळीच्या क्षणी वाकलेलं अंग पुन्हा पुन्हा तिथेच येतं. एकीची कंबर काढता काढता ती पुढे गेली तर मागून येणारीचे हात घ्या, मुद्रा तीच असते. खिशात मावणारी वही आणि बॉलपेन न्या, खोडायची सोयच नको. वीस सेकंदांत तीन गोष्टी: डोक्यापासून पाठीच्या कण्यातून कमरेपर्यंत एक वळणदार रेघ, ज्या पायावर भार आहे तो पाय, मग हात. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला असता तर तो कुठे पडला असता ते बघा. एका पायावर क्षणभर स्थिर असलेल्या बाईचा तो भाराच्या पावलापाशी पडतो. पावलाच्या बाहेर पडत असेल तर ती पुढच्या पावलात आहे किंवा गिरकीत. चित्रातली माणसं पडतायत असं वाटलं, की हाच धागा चुकलेला असतो.

आरसे, भरतकाम, ओढणीच्या चुण्या यांच्या मागे लागू नका, तेवढा वेळ नसतो. घागऱ्याची खालची कड मात्र नीट बघा. ती डोळ्यांच्या पातळीच्या बरीच खाली आहे, गोल आहे, आणि गिरकीत एका बाजूला उचलली जाते. बहुतेक वह्यांत ती सरळ आडवी काढलेली असते.